आईचा गुडघा, छातीतला स्टेंट आणि ‘रक्त गोठवायचं इंजेक्शन’

बेदाणेवाला_तासगाव
१० मे, रात्री ११:२०

मंडळी, झोप येईना म्हणून लिहितोय. तासगाव तालुक्यातला आहे, साडेतीन एकर बाग. बेदाणा कोल्ड स्टोरेजला टाकला, खरड छाटणी उरकली, आता आईच्या गुडघ्याचं मनावर घेतलंय. आई ६७ वर्षांची, वजन ७१ किलो. निम्मा जन्म शेडवर उकिडवं बसून बेदाणा निवडण्यात गेला. डावा पाय आता धनुष्यासारखा बाहेरच्या बाजूला वाकलाय. परसातून घरात यायला दोन पायऱ्या आहेत, तिथं भिंत धरून उभी राहते आणि ‘आले आले’ म्हणत पाच मिनिटं घालवते.

मिरजेत दाखवलं. गुडघा बदलायचा ठरला, तारीख २ जून. डॉक्टर चांगले वाटले, घाईत असले तरी नीट बोलले. घरी येऊन त्यांनी दिलेला कागद वाचला आणि डोकं फिरलं.

आईला २०२१ साली अटॅक आला होता, एक स्टेंट आहे. तेव्हापासून रक्त पातळ करायची कॅप्सूल रोज दुपारच्या जेवणानंतर. आता कागदावर काय लिहिलंय बघा. पहिली ओळ : क्लोपिडोग्रेल सात दिवस आधी बंद. दुसरी ओळ : ऑपरेशनच्या वेळी इंजेक्शन ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम. तिसरी ओळ : ऑपरेशननंतर रक्त पातळ करायचं औषध चालू. काउंटरवरच्या पोराला विचारलं हे मधलं काय, तर मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला, “ते रक्त गोठवायचं इंजेक्शन.”

म्हणजे आधी पातळ करायचं थांबवा, मग गोठवा, मग परत पातळ करा. मोटरचं बटण आहे का ते? घरात हे बोललो ही माझी चूक. आत्या लगेच म्हणाली, “गुडघ्याचं रक्त थांबवायला जातील आन् स्टेंटमधलं गोठवून ठेवतील.” तेव्हापासून आई गप्प झालीय.

दुसरी बाजू पण सांगतो. २००८ साली चुलत्यांचा गुडघा बदलला तेव्हा मीच पळापळ केलेली. तीन बाटल्या रक्त लागलं. तिसरी बाटली आणायला रात्री साडेदहाला स्प्लेंडरवरून रक्तपेढीत गेलो, थर्माकोलचा डबा मांडीवर धरून मागं मावसभाऊ बसलेला. खाटेच्या कडेला रक्ताची नळी लावलेली बाटली लटकत होती, ती अजून डोळ्यासमोर आहे. आता हे डॉक्टर म्हणतात, “बहुतेक एकही लागणार नाही, एक राखून ठेवू.” हे त्या इंजेक्शनमुळंच का?

हिमोग्लोबिन १०.२ आहे. तिथल्या ज्युनिअर डॉक्टर म्हणाल्या, थोडं कमी आहे, चालेल.

ज्यांच्या घरात झालंय किंवा ज्यांना खरंच कळतं त्यांनी सांगा. फॉरवर्ड नकोत, ते आत्याकडं भरपूर आहेत.

---

कृष्णाकाठ_पलूस
११ मे, सकाळी ७:०५

आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे एकाच वेळी केले, मागच्या दिवाळीनंतर. हेच इंजेक्शन दिलं होतं, डिस्चार्ज कार्डवर नाव आहे. दोन्ही एकदम केल्यामुळे एक बाटली रक्त लागलं. नळी-बाटली काही लावली नव्हती. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून संडासपर्यंत गेल्या.

एक आधीच सांगून ठेवते. चौथ्या दिवशी मांडीपासून पोटरीपर्यंत पाय वांग्याच्या रंगाचा झाला. आम्ही रडायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले आतलं साकळलेलं रक्त आहे, उतरेल. उतरलं. तुम्ही बघाल तेव्हा घाबरू नका.

---

सह्याद्रीचा_वाटसरू
११ मे, सकाळी ९:४०

ऑपरेशनच्या नादी लागू नका. निर्गुडीचा पाला वाफवून बांधा, सोबत एरंडेल. आमच्या आजोबांनी शंभरीपर्यंत गुडघे टिकवले.

---

बेदाणेवाला_तासगाव
११ मे, दुपारी १:१५

वाटसरू दादा, निर्गुडी बांधाबांधावर आहे आमच्या. आठ वर्षं बांधली. पाला संपला, गुडघा राहिला तसाच. तो विषय सोडून बोलूया.

पलूसच्या ताई, आभारी आहे. वांग्याच्या रंगाचं बायकोला सांगून ठेवलंय.

---

भूलवाली_सातारा
११ मे, रात्री १०:१०

बेदाणेवाले दादा, मी भूलतज्ज्ञ आहे, साताऱ्यात. सतरा-अठरा वर्षं हाडांच्या ऑपरेशनला पेशंटच्या उशाशी उभी राहणारी बाई मीच. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्याबद्दलचा शेवटचा शब्द मिरजेतल्या डॉक्टरांचा. पण तुमच्या कागदावरच्या तीन ओळी एकमेकींशी भांडत नाहीत, एवढं नक्की सांगते.

आधी त्या काउंटरवरच्या पोराचं वाक्य पुसून टाका. हे औषध रक्त गोठवत नाही. जखम झाली की शरीर आपलं आपण गुठळी करतं, त्यात फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी असते. आणि शरीरातच दुसरी एक यंत्रणा असते, जी ती जाळी कातरून गुठळी विरघळवते. त्या कात्रीचं नाव प्लाझ्मिन. ही कात्री जाळीला जिथून पकड घेते, ती पकडायची जागा हे औषध अडवून बसतं. लहान पोर गुडघ्यावरची खपली उचकटायला लागलं की आपण काय करतो? हात धरतो. हे औषध खपली आणत नाही, खपली उचकटणारा हात धरतं. जिथे खपलीच नाही, तिथे त्याला धरायलाही काही नाही.

आता गुडघ्यालाच हे का लागतं. ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक करवतीने कापतात. हाड बाहेरून दगड दिसतं, आतून स्पंज आहे, रक्ताने भिजलेला. रक्तवाहिनी तुटली तर चिमटा लावता येतो, जाळून बंद करता येते. स्पंजाला चिमटा कुठे लावणार? ते झिरपत राहतं. बऱ्याच ठिकाणी मांडीला टूर्निकेचा पट्टा आवळतात, त्यामुळे सर्जनला सगळं कोरडं दिसतं. पट्टा सोडला की रक्त परत पायात धावतं, आणि नेमकी त्याच सुमाराला ती कातरणारी यंत्रणा जोरात असते. म्हणून टाके घालून पेशंट वॉर्डात गेला, सर्जन चहा प्यायला गेला, तरी आत गळतच असतं. सक्शनच्या बाटलीत दिसतं त्यापेक्षा मांडीत-पोटरीत मुरलेलं जास्त. औषध नसताना हे सगळं मिळून लिटरभर, कधी दीड लिटरपर्यंत जायचं. पलूसच्या ताईंनी पाहिला तो वांग्याचा रंग ह्याच मुरलेल्या रक्ताचा.

म्हणजे तुमच्या चुलत्यांच्या वेळी कुणी ढिसाळपणा केला असं नाही. तेव्हा गुडघ्याला हे औषध सरसकट देत नव्हते. गंमत अशी की औषध तेव्हाही जुनंच होतं. जपानमध्ये उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके ह्या दोघांनी १९६२ साली ते जगापुढे आणलं. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायचा, हा त्यांचा हेतू. लहान मुलीला पाठुंगळी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करायच्या. पुढे जवळजवळ अर्धं शतक मोठ्या अभ्यासांनी ह्या औषधाकडे बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल. २०१० साली अपघाताच्या वीस हजारांवर जखमींवरचा अभ्यास आला, चाळीस देशांतला, त्यात मृत्यू कमी झाले. बाळंतिणींवरचा तेवढाच मोठा अभ्यास २०१७ च्या एप्रिलमध्ये छापून आला, आणि ओकामोतो बाई २०१६ च्या एप्रिलमध्ये वारल्या होत्या, ९८ वर्षांच्या होऊन. एका वर्षाने चुकलं. हे मला दर वेळी लागतं. असो, गुडघ्याकडे येते.

आता आत्यांचा प्रश्न, स्टेंटचा. प्रश्न चांगला आहे, त्यांना तसं सांगा. २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला, ९,५३५ रुग्णांचा. सगळे रक्तस्रावाचा आणि हृदयाचा धोका असलेले, ऑपरेशनं हृदयाची सोडून बाकीची. ज्यांना हे औषध दिलं त्यांच्यात गंभीर रक्तस्राव ९.१ टक्के, ज्यांना नुसतं सलाईन दिलं त्यांच्यात ११.७. हृदय-मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा त्रास १४.२ विरुद्ध १३.९. म्हणजे जवळजवळ सारखाच, पण ‘अजिबात वाढत नाही’ असं ठासून म्हणायला जे गणित जुळावं लागतं, ते थोडक्यात हुकलं. मी पेशंटना हे असंच सांगते. जुना, स्थिर स्टेंट असला तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही देतो. गेल्या काही महिन्यांत अटॅक, पक्षाघात, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल तर दहा वेळा विचार करतो, बहुतेकदा शिरेतून देतच नाही. फिट येण्याचा इतिहास असेल तर सांगायचं. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. औषध लघवीवाटे बाहेर जातं, किडनी मंद असेल तर डोस कमी करावा लागतो. तुम्ही हिमोग्लोबिन लिहिलंत, क्रिएटिनिन लिहिलं नाहीत.

द्यायची पद्धत साधी आहे. पाच मिलिच्या दोन ॲम्प्यूल, म्हणजे काचेच्या कुप्या, प्रत्येकीत ५०० मिलिग्रॅम. त्या मी शंभर मिलि सलाईनमध्ये टाकते आणि दहा मिनिटांत सावकाश सोडते, कातडीला छेद जायच्या आधी. घाईने ढोसलं तर बीपी पडतं, मळमळतं. काही सर्जन तीन तासांनी दुसरा डोस मागतात, काही जण टाके घालण्यापूर्वी सांध्यातच ओततात. शरीरातलं निम्मं औषध दोनेक तासांत निघून जातं. म्हणजे तुमची तिसरी ओळ, रक्त पातळ करायचं औषध, चालू होईपर्यंत ह्याचं काम आटपत आलेलं असतं. दोघांची गाठच धड पडत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. कमरेत भूल द्यायच्या औषधाची ॲम्प्यूल आणि ह्याची ॲम्प्यूल काही कंपन्यांच्या इतक्या सारख्या दिसतात की चुकून हे कमरेत गेल्याच्या घटना जगभर झाल्यात, माणसं दगावली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनेही ह्यावर इशारा दिला आहे. म्हणून कमरेतलं इंजेक्शन देऊन होईस्तोवर ही ॲम्प्यूल माझ्या ट्रेमध्ये येतच नाही. सिस्टरांच्या कपाटात असते, मागितल्यावर येते, आणि नाव मोठ्याने वाचून मगच फोडायची. नव्या सिस्टर हसतात. हसू देत.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहायला बसले. मला तुमच्या कागदावरच्या दुसऱ्या ओळीची काळजी नाही. पहिल्या ओळीची आहे, आणि त्या १०.२ ची.

पहिली ओळ. आईंच्या कॅप्सूलचं पाकीट घ्या आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक दोन औषधं एकत्र असतील, क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन. ‘क्लोपिडोग्रेल बंद’ म्हटल्यावर घरातली माणसं अख्खी कॅप्सूल बंद करतात. म्हणजे ॲस्पिरिनही बंद. स्टेंटवाल्याचं ॲस्पिरिन असं न विचारता बंद करायचं नसतं. पुष्कळदा क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस थांबवून ॲस्पिरिनची एकटी गोळी चालू ठेवतात. पण हे हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं. माझ्यावरही विसंबू नका, उद्या फोन लावा. तुमच्या आत्यांना वाटते ती भीती इंजेक्शनपेक्षा इथे जास्त खरी आहे.

आणि १०.२. बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. हिशेब करून बघा. गुडघ्यानंतर हिमोग्लोबिन दोन-तीनने उतरतं, औषध दिलं तर त्यातल्या कमी बाजूला राहतं. १०.२ मधून अडीच गेले की उरले ७.७, आणि हृदयाच्या पेशंटला आम्ही ८ च्या आसपास आलं की रक्त लावायचा विचार करतो. आई १२ वर असतील तर तेवढेच अडीच जाऊन साडेनऊ उरतात, बाटलीची गरज नाही. ऑपरेशनमध्ये रक्त लागेल की नाही, हे सगळ्यात जास्त ह्यावर ठरतं की माणूस किती घेऊन टेबलावर आला. गळती कमी करायला इंजेक्शन आहे, पण टाकी आधी भरलेली हवी ना.

गुडघा अपेंडिक्स नाही, महिनाभर थांबतो. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि बी-१२ तपासा, लोह कमी निघालं तर शिरेतून लोह देता येतं, तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो. आणि लोह का कमी झालं, ते पण बघायला सांगा. वर्षानुवर्षं ॲस्पिरिन आणि गुडघ्यासाठी पेनकिलर असतील तर पोटातून बारीक रक्त जात असू शकतं.

फार लिहिलं. उद्या सकाळी साडेसातला केस आहे.

---

केमिस्ट_विश्रामबाग
१२ मे, सकाळी ११:३०

मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त काउंटरवरचं सांगतो. हे औषध तुमच्या घरातल्या बायकांना नावानं माहीत नसलं तरी पोटात गेलेलं असणार. पाळीत अंगावरून जास्त जातं तेव्हा डॉक्टर जी ५०० ची गोळी देतात, ती हीच. चेहऱ्यावरच्या वांगासाठी कातडीचे डॉक्टर २५० ची देतात, ती पण हीच.

आता हे वाचून कुणी येऊ नका दुकानात, “गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आधी चार दिवस गोळ्या द्या” म्हणत. माझ्याकडं एक जण खरंच आलेले. पाळीच्या बऱ्याच पाकिटांत ह्याच्याबरोबर मेफेनॅमिक ॲसिड असतं, ते पेनकिलर आहे. हृदयाच्या आणि किडनीच्या पेशंटला ते चालत नाही. दवाखान्यात देतील तेवढंच.

आणि स्वस्त आहे हे. ऑपरेशनच्या बिलात सांध्याची किंमत बघा. सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली होती, जीएसटी वेगळा, तरी तो आकडा केवढा. त्याच्यापुढं हे इंजेक्शन चहापाण्याच्या हिशेबात जातं. बिलात ह्याच्या नावावर मोठी रक्कम दिसली तर विचारा.

---

जिल्हा_बदली_कराड
१२ मे, रात्री ९:००

सगळे गोड बोलताय. आमच्या मेव्हण्यांना गुडघ्यानंतर बाराव्या दिवशी पोटरीत गुठळी झाली. हेच इंजेक्शन दिलं होतं. कुठल्या दवाखान्यात ते लिहीत नाही. आम्हाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. पाय सुजला तर दवाखान्यातला माणूस फोनवर म्हणतो, “ऑपरेशन झालंय, सुजणारच.” दोन दिवस त्यात गेले.

---

भूलवाली_सातारा
१२ मे, रात्री १०:४५

कराडकर, मेव्हणे आता बरे आहेत ना? तुमचा राग रास्त आहे, फोनवर तसं उत्तर द्यायला नको होतं.

पण दोष इंजेक्शनच्या पदरात घालायच्या आधी एक बघा. गुडघा बदलला की पोटरीत गुठळी व्हायचा धोका असतोच, हे औषध द्यायची पद्धत नव्हती तेव्हाही होता, उलट तेव्हा माणसं आठ-आठ दिवस खाटेवर पडून असायची. गुडघा-खुब्याच्या पेशंटवर ह्या औषधाचे पुष्कळ अभ्यास झालेत, त्यांत गुठळ्या वाढलेल्या दिसल्या नाहीत. आणि दोन तासांत निम्मं होणारं औषध बाराव्या दिवशी शरीरात उरत नाही. तो धोका असतो म्हणूनच बेदाणेवाल्यांच्या कागदावर तिसरी ओळ आहे, म्हणूनच दुसऱ्या दिवशी चालवतात, पंजा वर-खाली हलवत राहा म्हणतात. ती पंजाची कसरत लोक फिजिओ गेला की सोडून देतात.

सूज सगळ्यांना येते. पण एकाच पोटरीत दाबल्यावर जोराचं दुखणं, उतरलेली सूज परत चढणं, धाप लागणं किंवा छातीत दुखणं, ह्यांतलं काही झालं तर फोन करत बसायचं नाही. गाडी काढायची.

---

बेदाणेवाला_तासगाव
१३ मे, रात्री ८:३०

मॅडम, पाकीट बघितलं. चष्मा लावून, बॅटरी धरून. क्लोपिडोग्रेल ७५, ॲस्पिरिन ७५, दोन्ही एकात. आम्ही २६ तारखेपासून अख्खं पाकीट कपाटात ठेवणार होतो. बायकोनं कॅलेंडरवर फुलीसुद्धा मारलेली.

सांगलीत हृदयाच्या डॉक्टरांना भेटलो. त्यांनी एकट्या ॲस्पिरिनची चिठ्ठी दिली, आणि वर म्हणाले की दुसरी गोळी आता इतक्या वर्षांनी कायमची बंद करू, स्टेंटला वर्ष झाल्यावरच तो विचार व्हायला हवा होता. मधे दाखवायला आणलं नाही, ही चूक आमची. दर महिन्याला दुकानातून तेच पाकीट आणत राहिलो.

क्रिएटिनिन ०.९. फेरिटिन ९ निघालं, फारच कमी. मिरजेच्या सर्जननी रिपोर्ट बघून स्वतःच तारीख पुढं ढकलली, अजिबात खळखळ केली नाही. आई मात्र चिडली. तिला गणपतीच्या आत उभं राहायचंय. तासगावचा गणपती दीड दिवसाचा, पंचमीला रथ निघतो, लग्न होऊन आल्यापासून तिनं रथाचा दोर एका वर्षाला चुकवला नाही. गेली दोन वर्षं माडीवरून बघतेय.

आत्याला खपलीचं सांगितलं. म्हणाली, “मग तसं बोलायचं की त्या पोरानं.”

---

बेदाणेवाला_तासगाव
३० जुलै, सायंकाळी ६:५०

विचारणाऱ्यांचे मेसेज येतायत, म्हणून एकदाच इथं लिहितो.

शिरेतून लोह दोनदा दिलं, आठवड्याच्या अंतरानं. पोटाची दुर्बीण केली, आतड्याच्या वरच्या भागात जुना व्रण निघाला. गुडघ्याच्या गोळ्या आई आमच्या नकळत खात होती, गावातल्या दुकानातून सुट्या आणून, पदराच्या गाठीत. त्या बंद, पोटाचं औषध चालू. ६ जुलैला हिमोग्लोबिन १२.१ आलं. ९ तारखेला ऑपरेशन.

भूल द्यायला आलेले डॉक्टर पोरगेलेसे होते. मी त्यांना विचारलं, “ते ॲम्प्यूल कमरेतल्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये नसतं ना?” ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तुम्ही मेडिकल लाइनमध्ये आहात का?” म्हटलं, नाही, द्राक्षाच्या लाइनमध्ये आहे. हसले आणि म्हणाले, वेगळं असतं, काळजी करू नका. मॅडम, तुमचं नाव माहीत नाही, नाहीतर सांगितलं असतं.

सव्वादोन तास लागले. नळी लावली नाही. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन १०.६, तिसऱ्या दिवशी १०.१. राखून ठेवलेली बाटली लागली नाही. आमच्या वाडीची तीन पोरं रक्त द्यायला मिरजेत आलेली, सकाळपासून उपाशी, कुणीतरी त्यांना उपाशी जायचं असं सांगितलेलं. त्यांना रक्तपेढीतल्या बाईंनी आधी खाऊन या म्हणून हाकललं. मग खाऊन येऊन दोघांनी दिलं, तिसऱ्याचं बीपी वाढलेलं निघालं आणि तोच आता डॉक्टर शोधतोय.

पाचव्या दिवशी वांग्याचा रंग आला. पलूसच्या ताई, पोटरीपर्यंतच नाही, घोट्यापर्यंत. आई आरशात बघून म्हणाली, “भूल दिल्यावर हाणलं का काय मला ह्यांनी?” आता पिवळट होऊन उतरत आलाय. ॲस्पिरिन तर चालूच आहे, त्याशिवाय काही दिवस पोटात टोचायचं एक इंजेक्शन होतं, ते संपलं. कराडच्या दादांचं वाचल्यापासून मी रोज रात्री दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजतो, आई म्हणते शिंप्याकडं दिलंय मला.

गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो, फिजिओवाली पोरगी ११० म्हणते, आई तिला रोज शिव्या घालते. दोन पायऱ्या काल वॉकरशिवाय उतरली, माझा खांदा धरून.

उजवाही दुखतो म्हणते. फळछाटणी होऊ दे म्हटलं, मग बघू.